भातगिरणीची सुधारणा : वाढलेला उतारा कोणाच्या पदरी?

ठाणे जिल्ह्याचे मुख्य पीक भात होय. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी, मुरबाड व शहापूर असे सात तालुके या जिल्ह्यात राहिले. पैकी काहींचा बराच भाग आता शहरात गेला आहे. कल्याण-डोंबिवलीच्या कडेने पूर्वी जेथे भातखाचरे होती तेथे आज इमारती उभ्या आहेत. तथापि कल्याणहून मुरबाडकडे किंवा शहापूरकडे निघालेल्या माणसास दिवाळीनंतरच्या दिवसांत आजही खळ्यावर भाताच्या राशी दिसतात, आणि वाटेवरच्या गावातून भातगिरणीचा आवाज ऐकू येतो. या लहान गिरण्यांविषयी प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे.

गावची भातगिरणी हा शेतीला सर्वांत जवळचा लघुउद्योग आहे. शेतकऱ्याने चार महिने चिखलात राबून पिकविलेल्या भाताचे तांदळात रूपांतर होते ते येथे, आणि त्यातील किती किलो त्याच्या हाती परत येतात हेही येथेच ठरते. गिरणी जुनी असेल तर दर क्विंटलमागे काही किलो तांदूळ नकळत कोंड्यात जातो. सबब गिरणीची सुधारणा व्हावी असे सर्वच म्हणतात. परंतु यंत्र बदलले म्हणजे धंदा सुधारला, असा जो समज गावोगाव आढळतो तो पुरेसा खरा नाही. कर्ज काढून नवे यंत्र आणले आणि ते वर्षातील बहुतेक दिवस बंद राहिले, असे झाले तर गिरणीवाला बुडतो आणि गावाची गिरणीही जाते. म्हणून सुधारणा कोणती करावी, किती करावी आणि तिचा फायदा कोणास मिळतो, हे आधी पाहिले पाहिजे.

घिरट, उखळ आणि हलर

आपल्या आज्या-पणज्या भात प्रथम घिरटावर भरडीत आणि मग उखळात मुसळाने सडीत. घिरटावर केवळ तूस सुटे. ते पाखडून काढल्यावर उरलेला तांबूस तांदूळ मुसळाखाली हवा तितकाच पांढरा करीत. तूस काढणे आणि तांदूळ सडणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, ही समज त्या रीतीत होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एंगेलबर्ग यांच्या नावाने ओळखला जाणारा हलर प्रचारात आला व पुढे आपल्याकडेही पसरला. त्याची रचना अत्यंत साधी. लोखंडी कोठडीत खाचा पाडलेला पोलादी रोलर फिरतो, खाली छिद्रांची जाळी असते आणि बाजूस एक पाते असते. भात आत गेले की रोलर, पाते व दाणे यांच्या परस्पर घर्षणाने तूसही निघते आणि तांदूळही सडला जातो. दोन कामे एका दमात होतात. यंत्र स्वस्त, दुरुस्ती गावच्या मिस्त्रीला जमणारी, जागा थोडी लागणारी. यामुळे हलर घरोघरच्या स्त्रियांचे श्रम वाचविणारा ठरला. तो उपकार लहान नव्हे, आणि आज हलरचे दोष सांगताना तो विसरता कामा नये.

दोष मात्र त्याच साधेपणातून उद्भवतात. कठीण तूस सुटण्यास जो जोर लागतो तोच जोर आतल्या नाजूक दाण्यावर पडतो. दाणा मोडतो. बारीक कणी जाळीतून कोंड्याबरोबर खाली जाते. तूस व कोंडा एकत्र भुगा होऊन पडतात, त्यामुळे कोंड्याची किंमतही जाते.

सरकारी धोरणाचाही येथे थोडा इतिहास आहे. प्रा. द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ मध्ये ग्रामोद्योग व लघुउद्योगांचा विचार केला, तेव्हा हातसडीच्या धंद्यास यंत्राच्या स्पर्धेपासून संरक्षण द्यावे ही दृष्टी प्रबळ होती. पुढे १९५८ मध्ये भात भरडाई उद्योगाचे नियमन करणारा कायदा झाला आणि नवी गिरणी काढण्यास परवाना आवश्यक ठरला. १९६० नंतरच्या दशकात देशातील सधन शेतीच्या काही जिल्ह्यांत आधुनिक गिरण्या उभारून पाहण्यात आल्या, व तेव्हापासून हलर बदलण्याचा आग्रह सुरू झाला. हा कायदा १९९७ मध्ये रद्द झाला. म्हणजे कायद्याने प्रथम हातसडीला हलरपासून वाचविण्याचा व नंतर हलरला हलविण्याचा प्रयत्न केला; हातसडी बहुतेक ठिकाणी गेली, हलर मात्र अनेक गावांत टिकला. तो का टिकला याचे कारण आपण पुढे पाहू.

एक क्विंटल भातात काय असते

भाताच्या १०० किलो वजनात साधारणपणे २० ते २२ किलो तूस असते. उरलेल्या ७८ ते ८० किलो तांबूस तांदळावर ६ ते ८ किलो कोंड्याचा थर असतो. म्हणजे वाण, पोषण व वाळवण चांगली असल्यास चांगल्या गिरणीत सुमारे ६८ ते ७० किलो तांदूळ निघावयास हरकत नाही. हलरमध्ये हा उतारा बहुधा ६० ते ६५ किलोंच्या दरम्यान राहतो, आणि त्यातही कणीचे प्रमाण अधिक असते. हिशेबासाठी आपण फरक ५ किलो धरू. वीस क्विंटल भात पिकविणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत हा फरक एक क्विंटल तांदळाचा होतो.

सुधारलेल्या गिरणीत घिरट आणि उखळ यांची फारकत पुन्हा केलेली असते. पहिले यंत्र रबर रोलचे. यात सारख्या आकाराचे दोन रबरी रोल एकमेकांकडे तोंड करून उलट दिशांनी फिरतात. एकाचा वेग दुसऱ्यापेक्षा सुमारे पाव हिश्श्याने कमी असतो. दोहोंमधील फट दाण्याच्या जाडीहून किंचित कमी ठेवलेली असते. दाणा फटीतून जाताना एका बाजूने जलद व दुसऱ्या बाजूने संथ ओढला जातो आणि त्याचे तूस अंगरखा उतरावा तसे सुटते. नंतर पंख्याच्या हवेने तूस बाहेर टाकले जाते. न सोललेले भात चाळणयंत्राने वेगळे होऊन परत रोलकडे जाते. शेवटी दुसऱ्या यंत्रात तांदूळ सडला जातो व शुद्ध कोंडा वेगळा मिळतो.

येथे एक सूचना महत्त्वाची आहे. एकाच फेरीत शंभर टक्के भात सोलले जावे या हव्यासाने पुष्कळ चालक फट आवळतात. त्याने रबर लवकर झिजते, दाणा तापतो व मोडतो. शंभरातील ८५ ते ९० दाणे पहिल्या फेरीत सोलले गेले तर यंत्र ठीक चालले आहे असे समजावे. उरलेल्यांसाठी दुसरी फेरी आहेच. जलद फिरणारा रोल आधी झिजतो, म्हणून वेळोवेळी दोन्ही रोलांची अदलाबदल करावी. जादा रोल विकत घेऊन वर्षानुवर्षे माळ्यावर ठेवू नयेत. जुने रबर कडक होते.

उतारा वाढला, पण तो कोणाचा?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आपल्याकडील गावच्या गिरणीत भात शेतकऱ्याचे असते व तांदूळही त्याचाच असतो. गिरणीवाला घेतो ती केवळ भरडाई; कोठे ती पैशांत असते, कोठे कोंडा-तूस ठेवून घेण्याचा रिवाज असतो, कोठे दोन्ही. नव्या यंत्राने क्विंटलमागे ५ किलो तांदूळ अधिक निघाला तर तो जातो शेतकऱ्याच्या गोणीत. यंत्राचे कर्ज मात्र गिरणीवाल्याच्या नावावर असते. भरडाईचा दर जुनाच राहिला तर खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, अशी स्थिती होते. हलर का टिकला याचे पहिले कारण हे आहे. गिरणीवाला आळशी किंवा अडाणी असतो म्हणून तो यंत्र बदलत नाही, असे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गृहीत धरू नये.

याच जिल्ह्यातील भिवंडीत यासारखीच अडचण यंत्रमागाच्या धंद्यात पाहावयास मिळते. तेथे पुष्कळ लहान यंत्रमागधारक व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणतात. कापड चांगले निघाले तर वाढीव किंमत कापडाच्या मालकास मिळते. माग सुधारण्याचा खर्च मात्र मागधारकाने करावयाचा. म्हणूनच साधे माग भंगारात न काढता त्यांना जोड देऊन सुधारण्याचा मार्ग पुढे आला. ताण्याचा धागा तुटताच माग आपोआप थांबेल अशी जोड बसविली की सदोष कापड विणले जात नाही. अशा सुधारणेस साहाय्य देणाऱ्या पॉवरटेक्स इंडिया या योजनेचा प्रारंभ १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडीतच झाला. भातगिरणीवाल्याने या उदाहरणातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, मजुरीवर चालणाऱ्या धंद्यात सुधारणेपूर्वी दराची बोलणी करावी लागते. दुसरी, सगळे यंत्र एकदम बदलणे हाच एक मार्ग नसतो.

हिशेब करून पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे आकडे त्या जागी घालावेत. समजा, सुधारणेस ४,००,००० रुपये लागले आणि यंत्र १० वर्षे चालणार आहे. दरसालचा घसारा ४०,००० रुपये. व्याज शेकडा १० धरल्यास पहिल्या वर्षी ४०,००० रुपये. म्हणजे यंत्र चालो वा न चालो, ८०,००० रुपये खर्ची पडणारच. वीज, रबर रोल व मजुरी यांचा चालू खर्च आपण तूर्त बाजूस ठेवू. तांदळाचा भाव किलोस ४० रुपये धरल्यास ५ किलो जादा तांदळाचे २०० रुपये होतात. गिरणीवर वर्षात १,५०० क्विंटल भात आले तर क्विंटलमागे बोजा सुमारे ५३ रुपये पडतो. अशा वेळी गिरणीवाल्याने भरडाईत ८० रुपये वाढ मागितली, तरी शेतकऱ्यास १२० रुपयांचा तांदूळ अधिक मिळतो आणि गिरणीवाल्याजवळ बोजा वजा जाता २७ रुपये उरतात. दोघांचेही भले होते. भात ५०० क्विंटलच आले तर बोजा १६० रुपयांवर जातो आणि वाटून घेण्यास फारसे काही उरत नाही. ४०० क्विंटलला लाभ व बोजा समान होतात. त्याखाली मात्र उत्तम यंत्र आणूनही तोटाच आहे.

म्हणून यंत्र पाहण्यास जाण्यापूर्वी आपल्या गिरणीवर वर्षाकाठी किती क्विंटल भात येते ते वहीत पाहावे. वही नसेल तर एक हंगाम थांबून वही ठेवावी. हा सल्ला ऐकून पुष्कळ जण नाराज होतात, कारण यंत्राचा विक्रेता दारात उभा असतो आणि वही तर एक वर्षाने भरणार. तरीही थांबणे फायद्याचे आहे.

अनुदानाने हे गणित बदलते, पण नाहीसे होत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी निगडित अनुदान ठेवण्यात आले, व लाभार्थ्याने किमान १० टक्के स्वतःची रक्कम घालावी अशी अट होती. आपल्या उदाहरणात ३५ टक्के म्हणजे १,४०,००० रुपये. उरलेल्या २,६०,००० रुपयांवर वार्षिक बोजा ५२,००० रुपये होतो आणि समतोलाची मर्यादा ४०० क्विंटलवरून २६० क्विंटलवर येते. ज्या गावात १५० क्विंटलच भात येते तेथे अनुदान मिळूनही गिरणी तोट्यातच राहील. योजनेची चालू स्थिती व अटी तालुका कृषी कार्यालयातून लेखी समजून घ्याव्यात आणि मंजुरी हाती येण्यापूर्वी यंत्राचा पैसा देऊ नये.

यंत्राची क्षमता

मोठे यंत्र म्हणजे अधिक चांगले यंत्र, ही दुसरी चूक. तासाला एक टन भात भरडणारे यंत्र १,५०० क्विंटल भात १५० तासांत संपवील. दिवसाचे आठ तास धरल्यास एकोणीस दिवस. उरलेले वर्ष ते झाकून ठेवावयाचे. तासाला पाव टन क्षमतेचे यंत्र तेच काम ६०० तासांत, म्हणजे पंच्याहत्तर दिवसांत करील. दिवाळीनंतर होळीपर्यंतच्या हंगामात ते सहज बसते. कल्याण तालुक्यासारख्या भागात, जेथे भाताखालील जमीन नागरी वस्तीकडे जात आहे, तेथे पुढील दहा वर्षांत आपल्या गिरणीच्या परिसरात किती भात राहील याचाही विचार कर्ज काढणाऱ्याने करावा.

मोठ्या यंत्राची आणखी एक अडचण शेतकऱ्याच्या मनाशी निगडित आहे आणि ती अगदी रास्त आहे. शेतकरी दोन गोण्या भात डोक्यावर किंवा दुचाकीवर घेऊन येतो. त्याला आपल्याच भाताचा तांदूळ परत हवा असतो. त्याने कोलम पिकविला असेल तर शेजाऱ्याच्या जाड्या तांदळात तो मिसळलेला त्याला खपणार नाही. हलरमध्ये एक गोणी टाकली की तीच गोणी बाहेर येते. उंच पन्हाळी व उचलयंत्रे असलेल्या मोठ्या गिरणीत आधीच्याचे भात मागे राहते व पुढच्याच्या भातात येते. हलर टिकल्याचे हे दुसरे कारण. गावपातळीवरील कार्यकर्ता "लोक सुधारणा स्वीकारीत नाहीत" असे अहवालात लिहितो, तेव्हा पुष्कळदा लोकांनी अशा एखाद्या खऱ्या गैरसोयीस नकार दिलेला असतो.

यावर दोन उपाय करता येतात. पहिला, उचलयंत्राविना चालणारे लहान रबर रोल यंत्र घेणे. दुसरा, वाणवारी ठरविणे. आठवड्यातील दोन दिवस बारीक वाणांसाठी, बाकीचे जाड्या वाणांसाठी राखून तसा फलक गिरणीवर लावावा. वाणवारीचा जादा लाभ असा की रोलांची फट दिवसातून एकदाच बसवावी लागते. जाडे व बारीक दाणे एकत्र आले की फट कोणालाच बरोबर बसत नाही. बारीक दाणा न सोलता निसटतो आणि जाडा मोडतो.

थोड्या भांडवलातील मार्ग

ज्यांचा हिशेब मोठ्या सुधारणेस पुरत नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. हलर न काढता त्याच्या आधी रबर रोलचे लहान यंत्र व पंखा बसवावा आणि हलरचा उपयोग केवळ सडण्यासाठी करावा. तूस आधीच गेल्यामुळे हलरवर जोर देण्याची गरज उरत नाही. पाते सैल ठेवता येते. कणी कमी होते आणि हलरखाली पडणारा कोंडा बराचसा तूसविरहित असतो. ही जोडसुधारणा देशात फार पूर्वीपासून केली जात आहे.

तेवढेही शक्य नसेल तर आहे तो हलर नीट करावा. झिजलेली जाळी बदलणे, पात्याचे अंतर दाण्याच्या जाडीप्रमाणे ठेवणे, पट्टा घसरू न देणे, रोलरचा वेग यंत्रावर दिलेल्या मर्यादेत ठेवणे, यांस फार पैसा लागत नाही. फाटलेल्या जाळीतून जाणारी कणी ही शेतकऱ्याचा घास असते. पट्ट्यावर जाळीचे आच्छादन असलेच पाहिजे. सदऱ्याची बाही किंवा साडीचा पदर अडकून होणारे अपघात कोणत्याही हिशेबात बसत नाहीत.

"मिनी" या नावाने विकल्या जाणाऱ्या यंत्रांविषयी सावध असावे. काहींत खरोखर रबर रोल असतात. काहींत मात्र आत तोच पोलादी रोलर व तीच जाळी, बाहेरून नवा रंग, असा प्रकार असतो. विकत घेण्यापूर्वी झाकण उघडून पाहावे आणि आपले स्वतःचे भात घेऊन जाऊन त्यावर भरडून पाहावे.

अर्धा उतारा खळ्यावर ठरतो

यंत्र कितीही चांगले असले तरी आधीच तडकलेला दाणा ते सांधू शकत नाही. भात पिकून उभे राहिले, कापून खाचरात पसरले, रात्री दवात भिजले, दुपारी उन्हात करपले आणि पुन्हा भिजले, की दाण्याच्या पोटात आडवी चीर पडते. वरून तूस शाबूत असल्याने ती दिसत नाही. गिरणीत दाणा मोडतो आणि दोष गिरणीवाल्यावर येतो. दाण्यांपैकी सुमारे ८० ते ८५ टक्के पिवळे झाले की कापणी करावी. अलीकडे ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरातही अवकाळी पाऊस गाठतो; म्हणून कापलेले भात शेतात पडू न देता लवकर झोडून ताडपत्रीवर पातळ थरात वाळवावे, वारंवार पालथे करावे आणि रात्री झाकावे. कडक उन्हात एका दिवसात वाळविण्यापेक्षा दोन-तीन दिवसांत सावकाश वाळविलेले भात कमी तुटते.

भरडण्याच्या वेळी दाण्यात १३ ते १४ टक्के ओलावा असावा. ओलावामापक उपलब्ध असल्यास उत्तम. नसल्यास दाणा दाताखाली धरावा. तो दबला तर भात ओले आहे, कट्‌कन आवाज होऊन तुटला तर वाळले आहे. तडा पाहण्यासाठी शंभर दाणे हाताने सोलून उजेडासमोर धरावेत. आडव्या चिरा स्पष्ट दिसतात. शंभरात पंधरा-वीस दाणे चिरलेले असतील तर कणी होणारच, हे भरडण्यापूर्वी शेतकऱ्यास दाखवून द्यावे. यामुळे नंतरची भांडणे टळतात.

दक्षिण कोकणात उकडा तांदूळ खातात. उकडल्याने दाणा आतून घट्ट होतो व चिराही सांधल्या जातात, म्हणून तिकडे हलरमध्येही तूट कमी येते. ठाणे जिल्ह्यात बहुतेक तांदूळ न उकडता भरडला जातो. येथे वाळवणीची हयगय लगेच अंगाशी येते. लांब, बारीक दाण्याच्या वाणांत तर अधिकच. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने दिलेले वाण या भागात चांगले रुजले आहेत. वाण निवडताना हेक्टरी उत्पन्नाबरोबर अखंड तांदळाचे प्रमाणही तेथील तज्ज्ञांस विचारावे.

कोंडा, तूस आणि डोंबिवलीचे गिऱ्हाईक

सुधारलेल्या गिरणीचे उत्पन्न भरडाईपुरते मर्यादित नाही. वेगळा निघालेला कोंडा दुभत्या जनावरांसाठी चांगला असून तबेल्यांकडून त्यास मागणी असते. त्यात १५ ते २० टक्के तेल असते. मात्र सडल्यानंतर तो लवकर खवट होतो, म्हणून साठवून ठेवू नये, दोन-चार दिवसांत विकावा. तूस वीटभट्ट्यांना व जळणासाठी जाते. हे पैसे कोणाचे, गिरणीवाल्याचे की शेतकऱ्याचे, हे हंगामाच्या आरंभीच ठरवून फलकावर लिहावे. कोंडा गिरणीकडे ठेवावयाचा असल्यास भरडाई तेवढी कमी करावी. कोंड्याचे मूल्य वाढल्याचे शेतकऱ्यासही कळत असते.

गिऱ्हाइकाची बाजू ठाणे जिल्ह्याला विशेष अनुकूल आहे. ज्या शहराने खाचरे घेतली त्याच शहरात आता गावचा तांदूळ शोधणारी कुटुंबे राहतात. डोंबिवली, कल्याण, ठाणे येथे पांढराशुभ्र, अखंड, खडे नसलेला तांदूळ मागणारे पुष्कळ आहेत आणि कमी सडलेला तांबूस तांदूळ मुद्दाम मागणारेही आहेत. शेजारच्या पालघर जिल्ह्यातील वाडा कोलम या तांदळास २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला किंमत येते ती अशी. पण ते नाव त्या भागातील तांदळाचेच आहे, आपल्या गोणीवर ते छापता येणार नाही. कमी सडलेला तांदूळ हलरवर काढणे कठीण असते. रबर रोलवर सोललेला तांदूळ हलकासा सडून थांबविणे सोपे आहे, आणि त्यात उताराही अधिक राहतो. मात्र त्यावर कोंड्याचे तेल राहत असल्याने तो फार दिवस टिकत नाही. मागणीप्रमाणे दर पंधरवड्यास थोडा थोडा काढावा.

पाकिटे करून विकावयाचे असल्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी, पाकिटावर वजन, दिनांक व पत्ता या गोष्टी आवश्यक आहेत. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या पाकिटांतील तांदळावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू करण्यात आला. आपणांस तो कितपत लागू होतो हे हिशेबनीसास विचारून घ्यावे. येथे गिरणीवाला केवळ मजुरीवर न राहता स्वतः भात विकत घेऊ लागतो. मग वाढलेला उतारा त्याच्याच पदरी पडतो, आणि त्याबरोबर भाव पडण्याची जोखीमही. पहिल्या वर्षी आपल्या एकूण कामाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक भात विकत घेऊ नये, असे आमचे मत आहे. स्त्रियांच्या बचत गटांनी पाकिटे भरणे व विक्री हे काम घेतल्यास गिरणीवाल्यास शहरात दुकान मांडण्याची गरज पडत नाही. वर सांगितलेल्या योजनेत गटाच्या प्रत्येक सदस्यास खेळते भांडवल व लहान साधनांसाठी ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद होती.

दहा किलोंची परीक्षा

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या हंगामात आपल्या गावच्या गिरणीवर पुढील परीक्षा शेतकऱ्यांसमक्ष करावी. स्वच्छ केलेले, एकाच वाणाचे, नीट वाळलेले १० किलो भात मोजून घ्यावे. गिरणी आधी रिकामी चालवून आत राहिलेले सर्व भात काढून टाकावे. भरडल्यावर तांदूळ तोलावा. त्यातील मूठभर नमुना न घेता सर्व तांदूळ चाळून कणी वेगळी तोलावी. कोंड्यात गेलेली कणीही बारीक चाळणीने काढून पाहावी. हलरवर हा आकडा पाहून मालक स्वतःच चकित होतो. हीच परीक्षा शेजारच्या गावातील सुधारलेल्या गिरणीवर त्याच भाताने करावी. भाताचे वजन, ओलावा, अखंड तांदूळ, कणी, कोंडा व भरडाईचा दर, अशी सहा घरे आखून दोन्ही गिरण्यांचे आकडे एका कागदावर लिहावेत आणि तो कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

ही परीक्षा एकदाच करून थांबू नये. रबर रोल नवे असताना, अर्धे झिजल्यावर व बदलण्यापूर्वी, अशी हंगामात तीनदा करावी. रोल, जाळ्या व पट्टे यांची मागणी नवरात्रापूर्वी नोंदवावी. दिवाळीनंतर सर्वांचीच घाई असते, आणि एका रोलासाठी आठवडाभर बंद राहिलेल्या गिरणीवरचे भात दुसरीकडे जाते व पुढच्या वर्षी बहुधा तिकडेच राहते.